दर्शन आणि प्रदर्शन : बर्न्ट नोत्केच्या कलाकृती आणि बाल्टिक नगरांतील चर्च-संग्रहालयांची मांडणी

गोषवारा

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ल्यूबेक येथे कार्यशाळा चालविणारा चित्रकार व शिल्पकार बर्न्ट नोत्के याच्या नावाशी निगडित कलाकृती आज जर्मनी, डेन्मार्क, एस्टोनिया व स्वीडन या चार देशांत विखुरलेल्या आहेत. त्यांपैकी काही अद्याप उपासनेत आहेत, एक राष्ट्रचिन्ह बनली आहे, एक संग्रहालय झालेल्या चर्चमध्ये आहे, तर एक युद्धात नष्ट झाली आहे. एकाच परंपरेतील कलाकृतींच्या या भिन्न अवस्थांच्या आधारे, ऐतिहासिक चर्च आणि संग्रहालय यांच्या मांडणीचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वास्तू उपासनेत आहे की संग्रहालयात रूपांतरित झाली आहे, यापेक्षा ती आपल्या कलाकृतीचा खंडित इतिहास प्रेक्षकासमोर किती प्रांजळपणे मांडते, हा निकष अधिक उपयुक्त ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : बर्न्ट नोत्के, वेदीफलक, मृत्युनृत्य, चर्च-संग्रहालय, ल्यूबेक, तालिन, जीर्णोद्धार

१. प्रस्तावना

मराठीत 'दर्शन' आणि 'प्रदर्शन' हे दोन शब्द एकाच धातूपासून आले असले तरी त्यांचे व्यवहार वेगळे आहेत. दर्शनाला जाणारा मनुष्य काही मागण्यासाठी, नमन करण्यासाठी किंवा केवळ सान्निध्यासाठी जातो. प्रदर्शनाला जाणारा पाहण्यासाठी, तुलना करण्यासाठी आणि जाणून घेण्यासाठी जातो. उत्तर युरोपातील ऐतिहासिक चर्चवास्तूंमध्ये आज हे दोन्ही व्यवहार एकाच छताखाली चालतात. सकाळी उपासना, दुपारी तिकीट काढून येणारे पर्यटक आणि सायंकाळी ऑर्गनवादनाची मैफल, असा दिनक्रम तेथे अपवादात्मक राहिलेला नाही.

या बदलामागे सामाजिक व आर्थिक कारणे आहेत. या प्रदेशात नियमित उपासनेस येणाऱ्यांची संख्या विसाव्या शतकात घटत गेली. वास्तूंच्या देखभालीचा खर्च मात्र वाढत राहिला. स्वीडनमध्ये सन २००० मध्ये चर्च आणि राज्यसंस्था यांची फारकत झाली. त्यानंतर चर्चच्या सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी शासन स्वतंत्र अनुदान देऊ लागले. म्हणजे जी वास्तू धर्मसंस्था म्हणून राज्यापासून वेगळी झाली, तीच वारसा म्हणून पुन्हा राज्याच्या आश्रयाला आली. अशा वास्तूचा खरा धनी कोण – उपासक, नागरिक की पाहुणा – हा प्रश्न त्यामुळे केवळ तात्त्विक राहत नाही. आत काय ठेवायचे, काय झाकायचे, काय पुन्हा घडवायचे आणि फलकावर काय लिहायचे, हे सर्व निर्णय त्यावर अवलंबून असतात.

या प्रश्नाची सर्वसाधारण चर्चा सहज अमूर्त होते. म्हणून प्रस्तुत लेखात एकाच कलावंताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलाकृतींचा मागोवा घेतला आहे. वस्तू एकाच परंपरेतील असल्या म्हणजे त्यांच्या आजच्या अवस्थेतील फरक मांडणीचा आणि इतिहासाचा आहे, हे अधिक स्पष्टपणे दिसते.

२. कलावंत, कार्यशाळा आणि सागरी व्यापार

बर्न्ट नोत्केचा जन्म इ. स. १४३५ च्या सुमारास बाल्टिक किनाऱ्यावरील लासान या गावी झाला आणि त्याचा मृत्यू १५०९ मध्ये ल्यूबेक येथे झाला. ल्यूबेक हे त्या काळी हान्सा या व्यापारी नगरसंघाचे प्रमुख केंद्र होते. मीठ, मासे, धान्य, मेण व लोकर यांच्या व्यापाराबरोबरच तेथील कार्यशाळांतून कोरीव व रंगविलेली वेदीशिल्पेही जहाजांवर चढत. वेदीच्या पाठीमागे उभारलेल्या, मिटता-उघडता येणाऱ्या पंखांच्या अशा कोरीव व चित्रित देखाव्याला येथे 'वेदीफलक' असे म्हटले आहे. नोत्के हा या निर्यातव्यवहारातील एक मोठा कार्यशाळाप्रमुख होता. पुढे स्वीडनमध्ये टांकसाळीचा प्रमुख म्हणूनही त्याने काम केले, यावरून त्याच्या व्यवहाराचा आवाका कळतो.

त्याच्या नावावर ज्या कृती सर्वसाधारणपणे सांगितल्या जातात त्यांत ल्यूबेकच्या सेंट मेरी चर्चमधील मृत्युनृत्याचे चित्र (१४६३), ल्यूबेक कॅथीड्रलमधील विजयक्रूस (१४७७), डेन्मार्कमधील ऑरहूस कॅथीड्रलचा वेदीफलक (१४७९), तालिनच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमधील वेदीफलक (१४८३), स्टॉकहोमच्या स्टूरशिरकान या मुख्य चर्चमधील सेंट जॉर्ज व ड्रॅगन यांचा शिल्पसमूह (१४८९) आणि तालिनच्याच सेंट निकोलस चर्चमधील मृत्युनृत्याचा अवशिष्ट भाग यांचा समावेश होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. विजयक्रूसाच्या शिल्पांवर १९७० च्या दशकात संवर्धनकार्य झाले, तेव्हा आकृतींच्या आत नोत्केबरोबर त्याच्या सहकाऱ्यांचीही नावे लिहिलेली आढळली. सुमारे पाच शतके ही नावे लाकडाच्या पोकळीत कोणाच्याही दृष्टीस न पडता राहिली. उपासकाला कारागिराचे नाव माहीत असण्याची गरज नव्हती; आधुनिक प्रेक्षकाला मात्र एकच नाव हवे असते. 'नोत्केची कृती' हे फलकावरील शब्द म्हणूनच सोयीचे असले तरी अपुरे आहेत. लाकूड कोरणारे, त्यावर खडूचा थर देणारे, सोन्याचा वर्ख लावणारे आणि रंग भरणारे अनेक हात त्यामागे होते. एकाकी प्रतिभावंताची कल्पना ही नंतरच्या काळाची देणगी आहे आणि संग्रहालयीन मांडणी बहुतेकदा ती नकळत दृढ करते.

३. उपासनेतील कलाकृती

ऑरहूसचा वेदीफलक बारा मीटरहून अधिक उंच आहे. बिशप येन्स इवर्सन लांगे यांनी तो करवून घेतला. मध्यभागी सेंट अॅन, बाप्तिस्मा करणारा योहान आणि सेंट क्लेमेंट यांच्या मूर्ती आहेत. क्लेमेंट हा दर्यावर्दींचा संत आणि याच कॅथीड्रलचा अधिष्ठाता संत होय. बंदराच्या शहरात त्याला मध्यवर्ती स्थान मिळावे, यात नवल नाही. १५३६ मध्ये डेन्मार्कने ल्यूथरचा पंथ स्वीकारला आणि संतांची उपासना थांबली. तरीही फलक हलविला गेला नाही. चर्चच्या वर्षातील काळानुसार पंखांची स्थिती बदलावी, ही त्याची मूळ योजना होती आणि ती आजही जाणवते. जे पाहायचे ते नेहमीच पाहता येणार नाही, हा या वस्तूच्या रचनेचाच भाग आहे. उपवासकाळातील मिटलेले पंख आणि सणाच्या दिवशी उघडणारे सोनेरी अंतरंग यांतील अंतर अनुभवल्याशिवाय त्या सोन्याचा अर्थ पुरता कळत नाही.

तालिनच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमधील वेदीफलक आकाराने लहान आहे, परंतु मूळ स्थानाचे महत्त्व त्यावरून अधिक स्पष्ट होते. मध्यभागी पवित्र आत्म्याच्या अवतरणाचा प्रसंग कोरलेला आहे. चित्रित पंखांवर थुरिंगियाच्या संत एलिझाबेथचे जीवन आहे. ही एलिझाबेथ येथे का आली, याचे उत्तर चर्चच्या इतिहासात मिळते. हे चर्च वृद्ध व आजारी गरिबांसाठीच्या आश्रयगृहाशी जोडलेले होते आणि एलिझाबेथ ही रुग्णसेवा व दानधर्म यांसाठी पूजिली जाणारी संत होती. पंखांवरील चित्रे पाहणारे मूळ प्रेक्षक म्हणजे त्या आश्रयगृहातील माणसे होत. धर्मसुधारणेनंतर याच चर्चमध्ये एस्टोनियन भाषेत प्रवचने होऊ लागली. १५३५ साली छापलेल्या, एस्टोनियन मजकूर असलेल्या प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तकाशी येथील धर्मोपदेशक योहान कोएल याचे नाव जोडलेले आहे. गरिबांची, स्थानिक भाषा बोलणारी मंडळी आणि हा फलक यांचे नाते अशा रीतीने भिंती, जागा व स्मृती यांनी टिकवून ठेवले आहे. हाच फलक एखाद्या मोठ्या संग्रहालयाच्या पांढऱ्या दालनात ठेवला असता, तर एलिझाबेथच्या उपस्थितीचे स्पष्टीकरण चार ओळींच्या माहितीपट्टीवर सोपवावे लागले असते.

ल्यूबेक कॅथीड्रलमधील विजयक्रूस सुमारे सतरा मीटर उंचीचा आहे. बिशप अल्बर्ट क्रुमेडिक यांनी तो उभारविला आणि गुडघे टेकलेली त्यांची आकृतीही त्या समूहात आहे. २८-२९ मार्च १९४२ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी केलेल्या हल्ल्यात कॅथीड्रलची मोठी हानी झाली. विजयक्रूस मात्र वाचला. हान्स मेमलिंगचा १४९१ चा वेदीफलक, जो मूळचा याच कॅथीड्रलमधला, तो आज शहरातील सेंट अॅन संग्रहालयात आहे. एकाच वास्तूतील दोन कलाकृतींपैकी एक जागेवर राहिली आणि दुसरी संग्रहालयात गेली. मेमलिंगचे बारकावे संग्रहालयात जवळून व योग्य प्रकाशात न्याहाळता येतात, हा लाभ निर्विवाद आहे. नोत्केच्या क्रूसाखालून मात्र चालावे लागते. मान वर करावी लागते. हे दोन अनुभव परस्परांची जागा घेऊ शकत नाहीत.

वरील तिन्ही उदाहरणांवरून, कलाकृती मूळ जागी आणि उपासनेत असणे हीच आदर्श अवस्था होय, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो पुरेसा नाही, हे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

४. उपासनेतून राष्ट्रचिन्हाकडे : स्टॉकहोम

१० ऑक्टोबर १४७१ रोजी स्टॉकहोमजवळ ब्रुंकेबेर्ग येथे स्वीडनचा राजप्रतिनिधी स्टेन स्टुरे याने डेन्मार्कचा राजा पहिला ख्रिस्तियान याच्या सैन्याचा पराभव केला. या विजयाचे श्रेय सेंट जॉर्जला देण्यात आले आणि त्याच्या स्मरणार्थ उभारलेला शिल्पसमूह १४८९ च्या अखेरीस चर्चमध्ये प्रतिष्ठापित झाला. ओक लाकडातील या शिल्पात ड्रॅगनच्या अंगावर एल्क हरणाची खरी शिंगे बसविली आहेत. त्यात संतांचे अवशेषही ठेवलेले होते. म्हणजे ती केवळ विजयाची खूण नसून पूजनीय वस्तू होती.

संतपूजा संपली तेव्हा या शिल्पाचा धार्मिक आधार गेला, परंतु राजकीय आधार उरला. जॉर्ज म्हणजे स्टुरे, ड्रॅगन म्हणजे डेन्मार्क आणि राजकन्या म्हणजे संकटमुक्त झालेली भूमी, असे वाचन रूढ झाले. १९१२ मध्ये त्याची ब्राँझ प्रतिकृती जवळच्याच रस्त्यावर उभी राहिली. आज मूळ शिल्प पाहण्यासाठी पर्यटकाला प्रवेशशुल्क द्यावे लागते. प्रतिकृती जाता-येता कोणालाही दिसते. राष्ट्राच्या स्मृतीला बहुधा प्रतिकृती पुरते, असे या व्यवस्थेवरून म्हणता येईल.

येथे मांडणीपुढे खरा पेच आहे तो कर्तृत्वाचा. हे शिल्प नोत्केचे नव्हे, त्याचे मूळ नेदरलँड्सच्या बाजूच्या कलापरंपरेत शोधावे लागते, असा युक्तिवाद स्वीडिश अभ्यासक पेटर टोंगेबेर्ग यांनी २००९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. सर्वांनी तो मान्य केलेला नाही, परंतु प्रश्न खुला झाला आहे. ज्या शिल्पाला राष्ट्राच्या आत्मप्रतिमेत स्थान आहे आणि जे पाहण्यासाठी शुल्क घेतले जाते, त्याच्याविषयीची शंका फलकावर लिहावी काय? व्यवहारचतुर उत्तर नकारार्थी असेल. तथापि, शंका दडविल्याने शिल्पाचे सामर्थ्य वाढत नाही आणि सांगितल्याने कमी होत नाही. उलट एखादे शिल्प कोणाचे हे ठरवितात कसे – लाकडाची निवड, कोरण्याची हत्यारे, रंगांचे थर, दफ्तरातील नोंदी – हे कळल्यास प्रेक्षकाचे पाहणे अधिक सखोल होते. शुल्क देणाऱ्याला एवढे मिळण्याचा अधिकार आहे.

५. चर्च ते संग्रहालय : तालिनचे निगुलिस्ते

तालिनचे सेंट निकोलस चर्च, एस्टोनियन भाषेत निगुलिस्ते, तेराव्या शतकात जर्मन व्यापाऱ्यांनी उभारले. १५२४ मध्ये शहरात मूर्तिभंजनाची लाट उसळली असता येथील विश्वस्ताने कुलपांत वितळलेले शिसे ओतून दारे बंद केली आणि आतील संपत्ती वाचविली, अशी कथा प्रचलित आहे. ९ मार्च १९४४ च्या सोव्हिएत हवाई हल्ल्यात हे चर्च जळाले. महत्त्वाच्या कलाकृती आधीच सुरक्षित स्थळी हलविल्यामुळे बचावल्या. १९५३ पासून सुमारे तीन दशके पुनर्बांधणी चालली. १९८२ मध्ये मनोऱ्याला पुन्हा आग लागली. अखेर १९८४ मध्ये एस्टोनियाच्या कलासंग्रहालयाची शाखा व संगीतसभागृह म्हणून ही वास्तू उघडली. सोव्हिएत राजवटीत घेतलेला हा निर्णय १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावरही कायम राहिला.

येथील मृत्युनृत्याचा उरलेला भाग सुमारे साडेसात मीटर लांब व १.६ मीटर उंच आहे. त्यात तेरा आकृती आहेत. धर्मोपदेशक, वाद्य वाजविणारा मृत्यू, मग पोप, सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल आणि राजा यांचा हात धरून नाचणारे सांगाडे, असा त्याचा क्रम आहे. खाली निम्न जर्मन बोलीतील संवाद लिहिलेले आहेत. मूळ चित्र याच्या कितीतरी पट लांब असावे.

या मांडणीत गुण व दोष दोन्ही आहेत. गुण असा की चित्र चर्चच्याच चॅपेलमध्ये आहे. भिंतीलगत चालत त्याची रांग पाहता येते. याच वास्तूत हर्मेन रोडे या ल्यूबेकच्या चित्रकाराचा १४७८-८१ मधील भव्य वेदीफलक आहे. २०१३ ते २०१६ या काळात त्याचा तपशीलवार तांत्रिक अभ्यास झाला आणि रंगांच्या थरांखालील रेखाटने व नंतरच्या दुरुस्त्या प्रेक्षकांपुढे मांडण्यात आल्या. येथे संग्रहालयाने, चालत्या चर्चला सहसा न साधणारे काम केले. वस्तूच्या शरीराचा इतिहास त्याने सार्वजनिक केला.

दोष अधिक सूक्ष्म आहे. मृत्युनृत्याचा आशय सर्वांच्या समानतेचा आहे. पोपपासून आरंभ करून ही रांग सामान्यांपर्यंत उतरत जाते आणि त्या उतरणीतच तिचा उपरोध आहे. तालिनमध्ये उरले आहेत ते फक्त सत्ताधीश. शेतकरी, कारागीर, तरुण यांची शेवटची टोके नाहीशी झाली आहेत. हा अवशिष्ट भाग एकटा, उत्तम प्रकाशात, एका श्रेष्ठ कलाकृतीच्या थाटात मांडला की तो आपोआप पूर्ण वाटू लागतो. प्रेक्षकाला राजदरबाराची मिरवणूक दिसते; ज्याच्यासाठी हे चित्र होते तो चर्चमध्ये उभा असलेला सामान्य मनुष्य चित्राबाहेर राहतो. उरलेल्या रांगेची लांबी भिंतीवर नुसती दर्शविली तरी ही उणीव बरीच भरून निघेल. अलीकडच्या काळात मनोऱ्यावर लिफ्टने जाऊन शहर पाहण्याची सोय झाली आहे. तिच्यामुळे येणारा पाहुणा वाढेल. परंतु वर जाण्यापूर्वी तो या चित्रासमोर किती थांबतो, यावर संग्रहालयाचे यश मोजावे लागेल.

६. हरवलेले चित्र, खोटी चित्रे आणि फुटलेल्या घंटा : ल्यूबेकचे सेंट मेरी

ल्यूबेकचे सेंट मेरी चर्च हे विटांच्या गॉथिक स्थापत्याचा मानदंड मानले जाते. त्याच्या मध्यदालनाच्या कमानी ३८.५ मीटर उंचीवर आहेत. १४६३ चे मृत्युनृत्य येथल्या एका चॅपेलमध्ये होते. कापड जीर्ण झाल्यामुळे १७०१ मध्ये आंटोन वोर्टमान याने त्याची नवी प्रत केली. त्या वेळी मूळ निम्न जर्मन संवाद काढून नाथानाएल श्लॉट याची नवी पद्ये घालण्यात आली. म्हणजे १९४२ च्या आगीत जे जळाले ते नोत्केचे कापड नव्हतेच. ती अडीचशे वर्षांपूर्वीची, शब्द बदललेली प्रत होती. आज त्या चित्राची कल्पना कृष्णधवल छायाचित्रांवरून आणि तालिनच्या अवशिष्ट भागावरून करावी लागते. तालिनचा तुकडा ल्यूबेकच्या मूळ चित्राचाच भाग असावा, असा तर्कही एकेकाळी मांडला गेला होता. तो आता मागे पडला आहे.

युद्धानंतर या चर्चने आपल्या हानीला दिलेली तीन उत्तरे अभ्यासण्याजोगी आहेत.

पहिले उत्तर खोटेपणाचे होते. आगीच्या उष्णतेने चुन्याचे थर गळून पडले आणि मध्ययुगीन भित्तिचित्रांचे अवशेष उघडे झाले. त्यांच्या दुरुस्तीचे काम डीट्रिख फाय याच्याकडे सोपविण्यात आले आणि त्याच्या हाताखाली लोथार माल्स्काट हा चित्रकार काम करीत होता. चर्चच्या उच्चभागी जेथे फारसे काही उरले नव्हते तेथे माल्स्काटने संतांच्या संपूर्ण नव्या आकृती रंगविल्या. १९५१ मध्ये चर्चचा सातशेवा वर्धापनदिन साजरा झाला. चान्सेलर आडेनाउअर उपस्थित राहिले, टपाल तिकिटे निघाली आणि तज्ज्ञांनी चित्रांची प्रशंसा केली. १९५२ मध्ये माल्स्काटने स्वतःच आपली लबाडी उघड केली. आरंभी त्याच्यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. १९५५ मध्ये दोघांना कारावासाची शिक्षा झाली आणि त्या बनावट आकृती पुसून टाकण्यात आल्या. ग्युंटर ग्रास यांनी या प्रकरणाचा उपयोग पुढे १९८६ च्या आपल्या कादंबरीत केला.

हे प्रकरण केवळ एका चित्रकाराच्या फसवणुकीचे मानणे सोयीचे आहे. परंतु उद्ध्वस्त शहराला, पराभूत देशाला आणि उत्सवाची तारीख ठरवून बसलेल्या संस्थेला अखंड मध्ययुग हवे होते. मागणी होती म्हणून पुरवठा झाला. विध्वंसाच्या कारणांकडे पाहण्यापेक्षा सातशे वर्षांच्या अभंग परंपरेकडे पाहणे अनेकांना सुखाचे वाटले असावे. जीर्णोद्धाराच्या प्रत्येक प्रकल्पात हा धोका दडलेला असतो.

दुसरे उत्तर नवनिर्मितीचे होते. मृत्युनृत्याच्या चॅपेलमध्ये चित्राची तिसरी प्रत न करता आल्फ्रेड माह्लाऊ यांनी १९५५-५६ मध्ये रंगीत काचेच्या खिडक्या घडविल्या. हरवलेल्या चित्रातील आकृतिबंध त्यांत आहेत, परंतु त्या आपण जुन्या असल्याचा आव आणत नाहीत. काच हे माध्यमच वेगळे असल्याने फसगतीला वाव राहत नाही.

तिसरे उत्तर काहीही न करण्याचे होते. आगीच्या रात्री दक्षिण मनोऱ्यातून दोन प्रचंड घंटा खाली कोसळल्या. त्या फुटल्या, अर्धवट वितळल्या आणि फरशीत रुतल्या. त्या तशाच ठेवण्यात आल्या. जवळच कॉव्हेंट्रीहून आलेला खिळ्यांचा क्रूस आहे. इंग्लंडमधील त्या शहराचे कॅथीड्रल १९४० मध्ये जर्मन बाँबफेकीत जळाले होते. फुटलेल्या घंटांमुळे दुसऱ्याने केलेला विध्वंस आठवतो आणि क्रूसामुळे आपण केलेला. दोन्ही एकाच ठिकाणी ठेवल्यामुळे या स्मारकाला तक्रारीचा सूर येत नाही.

चर्चच्या बाहेर १९९९ मध्ये एका दगडावर सैतानाची छोटी ब्राँझ मूर्ती बसविण्यात आली. तिच्या शिंगांना हात लावून छायाचित्र काढणाऱ्यांची तेथे गर्दी असते. ही लोककथेवर आधारित गंमत निरुपद्रवी आहे. तथापि, बाहेरची मूर्ती काही क्षणांत समजते आणि आतील घंटांना वेळ द्यावा लागतो, हे अंतर पर्यटनाच्या नियोजनकर्त्यांनी ओळखले पाहिजे.

७. मूल्यमापन

वरील उदाहरणे एकत्र पाहिली असता चर्च आणि संग्रहालय यांतील प्रचलित द्वंद्व अपुरे ठरते. ल्यूबेकमधील कथारिना चर्च हे त्याचे आणखी एक उदाहरण होय. आज संग्रहालयाच्या अखत्यारीत असलेल्या या चर्चमध्ये स्टॉकहोमच्या सेंट जॉर्ज शिल्पाची प्लास्टर प्रतिकृती ठेवलेली आहे. ज्या शहरातून मूळ शिल्प गेले असे मानले जाते, त्या शहरात त्याचा साचा परत आला आणि आता ते शिल्प मुळात येथलेच होते काय, याविषयीच वाद आहे. एवढी गुंतागुंत 'अस्सल' आणि 'नक्कल' या दोन शब्दांत मावत नाही.

उपासनेत असलेली कलाकृती श्रेष्ठ आणि संग्रहालयातील निर्जीव, हे मत तालिनच्या उदाहरणाने खंडित होते. रोडेच्या वेदीफलकाविषयी जे ज्ञान आज सर्वांना उपलब्ध आहे ते संग्रहालयीन शिस्तीमुळेच. उलट माल्स्काटची खोटी चित्रे उपासनेत असलेल्या चर्चमध्ये, धर्मगुरू व तज्ज्ञ यांच्या उपस्थितीत मान्यता पावली. पावित्र्य हे सत्याची हमी देत नाही. त्याचप्रमाणे संग्रहालयाची वैज्ञानिक भाषाही संपूर्णतेचा आभास निर्माण करू शकते, हे मृत्युनृत्याच्या अवशिष्ट भागावरून दिसते.

कोणत्याही मांडणीला तीन प्रश्न विचारता येतील. कलाकृती कोणासाठी घडली होती, हे तेथे कळते काय? तिच्यावर काळाने, युद्धाने आणि दुरुस्त्यांनी काय केले, हे दिसते काय? जे निश्चित नाही ते अनिश्चित म्हणून सांगितले आहे काय? पवित्र आत्म्याचे चर्च पहिल्या प्रश्नाला उत्तम उत्तर देते. सेंट मेरीच्या घंटा व खिडक्या दुसऱ्या प्रश्नाला प्रांजळ उत्तर देतात. तिसऱ्या प्रश्नाला निगुलिस्तेतील रोडेविषयीच्या अभ्यासाने उत्तर देण्यास आरंभ केला आहे. स्टॉकहोमच्या शिल्पाबाबत हेच अपेक्षित आहे.

या निकषावर एक आक्षेप घेता येईल. सामान्य प्रवासी थकलेला असतो, त्याच्याजवळ तासभर असतो आणि त्याला सौंदर्याचा आनंद हवा असतो. त्याच्यापुढे शंका व हानी यांची यादी कशासाठी मांडावी? आक्षेपात तथ्य आहे. परंतु सेंट मेरीच्या घंटांजवळ लांबलचक मजकुराची गरज भासत नाही. प्रांजळ मांडणी म्हणजे अधिक माहिती नव्हे. योग्य ठिकाणी हात आवरणे, हाही तिचाच भाग आहे.

८. निष्कर्ष

१) नोत्केच्या नावाशी निगडित कलाकृतींचा प्रवास असे दाखवितो की वस्तूचा अर्थ तिच्या जागेशी, वापराशी व प्रेक्षकाशी बांधलेला असतो. जागा बदलली नाही तरी अर्थ बदलतो; ऑरहूस व स्टॉकहोम ही त्याची उदाहरणे होत.

२) चर्चचे संग्रहालयात रूपांतर होणे ही केवळ हानी नाही. त्यामुळे संशोधन व जतन शक्य होते. तथापि, मूळ प्रेक्षकाची व हरवलेल्या भागाची जाणीव मांडणीतून करून देणे ही संग्रहालयाची जबाबदारी ठरते.

३) अखंड भूतकाळाची ओढ जीर्णोद्धाराला खोटेपणाकडे नेऊ शकते. १९५१ चा ल्यूबेकमधील उत्सव याची साक्ष देतो.

४) हानीला द्यावयाच्या उत्तरांपैकी नव्या माध्यमातील प्रामाणिक निर्मिती आणि भग्नावशेष तसाच राखणे, ही दोन अधिक टिकाऊ ठरली आहेत.

उपासकांची संख्या घटत असताना उत्तर युरोपातील अनेक चर्चवास्तूंचे भवितव्य येत्या काळात ठरावयाचे आहे. त्यांतील काही चालू राहतील, काही संग्रहालये होतील, काहींचा उपयोग पूर्णतः बदलेल. दर्शन संपले तरी प्रदर्शन उरेल, एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. आश्रयगृहातील आजारी माणूस ज्या पंखांकडे पाहत होता, त्याच पंखांकडे आजचा प्रवासी पाहत असेल, तर त्या दोघांमधील पाच शतकांत काय घडले, हे त्याला कळले पाहिजे. ते कळविण्याची तयारी ज्या वास्तूत आहे, ती चर्च राहिली काय किंवा संग्रहालय झाली काय, आपले काम करीत आहे, असे म्हणता येईल.